वास आला की खड्डा बंद?

तिकडच्या, घरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. कोणीतरी मेसेज टाकला की खड्ड्याला वास येतो, म्हणजे कंपोस्टमधून मिथेन, हवा तापवणारा गॅस, निघतो, तर खड्डा बंद करा आणि ओला कचरा सरळ गाडीत द्या. समोरचे म्हणतात कंपोस्ट नैसर्गिक आहे, त्यातून कसला आलाय गॅस. दोन्ही वाचून डोकं फिरतं, कारण इथे कंपोस्ट प्लांटमध्ये माझी नोकरीच ती आहे, ढिगावर फ्लक्स चेंबर, म्हणजे बाहेर पडणारा गॅस पकडणारा डबा, ठेवून गॅस मोजायचे.

अहो, मिथेनला वासच नसतो! नाकाला झोंबतो तो अमोनिया, म्हणजे नायट्रोजन जास्त झालाय, सुका पाला घाला. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड, आत हवा पोचत नाहीये, आणि मिथेनही तसाच हवा नसलेल्या जागी तयार होतो. कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण २५-३० ला १, ओल ५०-६० टक्के, मधे जाडसर काटक्या, की हवा खेळते. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती, एक किलो ओल्या कचऱ्यामागे ४ ग्रॅम मिथेन धरते, पण पल्ला देते ०.०३ ते ८. एवढा फरक पडतो, मग ढीग नीट सांभाळायचं सोडून बंद काय करता? गाडीत दिलेला कचरा डंपिंगवर दबतो, तिथे तर हवाच नाही.

इथे ढीग बंद हॉलमध्ये, हवा खालून ओढायची, अमोनिया अ‍ॅसिड स्क्रबरला, म्हणजे हवा आम्लाने धुणाऱ्या यंत्राला, उरलेलं बायोफिल्टरला, जिथे जिवाणू वास खातात. मधे एकदा स्क्रबर बिघडला, अमोनिया बायोफिल्टरमध्ये गेला आणि नायट्रस ऑक्साइड वाढला, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. तरी प्लांट बंद करा असं कोणी म्हटलं नाही, स्क्रबर दुरुस्त केला.

हे ग्रुपवर लिहिलं तर एका काकांचं उत्तर, "तिकडे बसून शिकवू नका." खूप राग आला. पण खरं सांगायचं तर त्या खड्ड्यात मी कधी फावडं घातलेलं नाही. तो सांभाळतो दादा, कामावर जायच्या आधी. सुट्टीत गेलो तेव्हा ढीग किती दिवसांनी पालटायचा ते त्याला समजावलं आणि परत आलो. इथले ढीग मी चार वर्षं मोजतोय, त्यातला एकही कधी आपला वाटला नाही.

मग दादाला एवढंच विचारलं, थर्मामीटर आहे का. काल त्याने फोटो पाठवला, ५८ डिग्री, म्हणजे ढीग छान तापलाय. ग्रुपवर नाही टाकला, माझ्याकडेच ठेवलाय.