रवींद्र जैन आणि ते एक 'असूनही'

हिंदी चित्रपटांचे संगीतकार रवींद्र जैन यांच्याविषयीच्या बहुतेक लेखनात पहिल्याच वाक्यात 'जन्मांध असूनही' हे शब्द येतात. त्या 'असूनही'त कौतुकापेक्षा नवलच अधिक असते, असे मला नेहमी वाटत आले आहे. दृष्टी नसलेल्या माणसाने इतकी चित्रमय गाणी कशी लिहिली, असे विचारणारा माणूस मुळात हे विसरतो की आपल्याकडची कविता शतकानुशतके डोळ्यांपेक्षा कानांवाटेच पुढे आली आहे.

२८ फेब्रुवारी १९४४ रोजी अलीगढला जन्मलेल्या या मुलाला वडिलांनी लहानपणीच गाणे शिकायला बसवले. जैन मंदिरांत भजने म्हणत तो वाढला, पुढे कोलकात्याला राहिला आणि तिथून मुंबईला आला. पनघट, पायवाट, सावळा कान्हा हे सारे त्याच्याकडे ब्रज-अवधीच्या बोलीतून, तयार शब्दांसकट आले होते. संगीतकार म्हणून त्यांचे नाव होते. पण आपल्या बहुतेक गाण्यांचे शब्दही ते स्वतःच लिहीत, याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

'नदिया के पार' (१९८२) या चित्रपटातले बैलगाडीतले गाणे पाहा. गाडीत बसलेली मुलगी गाडीवानाला विचारते, मला कोणत्या दिशेला घेऊन चालला आहेस? आणि मग विनवते, जरा थांब, ही सुंदर वाट मला पाहू दे. सबंध गाणे म्हणजे वाटेविषयीची विचारपूस आहे. या गाण्यातली वाट आपल्याला दिसते ती दोघांच्या बोलण्यातून, आणि 'पाहू दे' ही विनवणी तर ज्याने एकही वाट कधी पाहिली नाही त्याच्या लेखणीतून उतरली आहे. यात करुणा शोधणाऱ्यांनी ती अवश्य शोधावी. मला मात्र त्यात बोलीवरची विलक्षण पकड ऐकू येते.

आवाज निवडण्याचा त्यांचा कान तर वेगळाच होता. हेमलता, जसपाल सिंग यांच्यासारख्या, त्या काळच्या मोठ्या नावांपलीकडच्या गळ्यांना त्यांनी भरभरून गाणी दिली. 'चितचोर'मधील (१९७६) त्यांच्या गाण्यासाठी गायक येसुदास यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्या कोल्हापूरच्या सुरेश वाडकरांनी १९७६ मध्ये सूरसिंगार ही गायनस्पर्धा जिंकली तेव्हा परीक्षकांत जैन होते, आणि 'पहेली'त (१९७७) त्यांनी वाडकरांना गायला लावले. 'राम तेरी गंगा मैली'च्या (१९८५) संगीतासाठी त्यांना फिल्मफेअर मिळाले. पद्मश्री मात्र २०१५ उजाडेपर्यंत लांबली, आणि त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला मुंबईत त्यांचे निधन झाले. हा उशीर मला आजही खटकतो.

१९८७ पासून रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागायचे तेव्हा त्यातल्या चौपाया त्यांच्या आवाजात ऐकू यायच्या. आमच्या घरात तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. गाणाऱ्याला दिसत नाही हे मला पुष्कळ वर्षांनी कळले; तोवर मी नुसते गाणे ऐकत होतो.