याद्या

परवा ताईला घेऊन भाचीकडे घणसोलीला गेले होते. फ्रिजवर एक कागद चिकटवलेला: घराच्या हप्त्यात कुणाचे किती, शनिवारचा स्वयंपाक कुणाचा, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण नेणार. खाली दोघांच्या सह्या. ताईचा चेहराच उतरला. "संसार आहे की वाण्याची वही?"

मला तो कागद फार आवडला.

१९८९ मध्ये ताईच्या लग्नाची बैठक आमच्या नौपाड्याच्या दोन खोल्यांत बसली. याद्या झाल्या. सोनं किती तोळे, मानपानाच्या साड्या किती, कार्यालयाचा खर्च कुणाकडे. कागदाला हळदकुंकू लावून दोन्हीकडच्या पुरुषांनी सह्या केल्या. म्हणजे हिशेब तेव्हाही होताच, चांगला पानभर होता. ताई आत पोह्यांच्या बशा भरत होती.

"आपले संस्कार म्हणून आपली लग्नं टिकतात" असं कुणी म्हटलं की मला आमची कळव्याची आत्या आठवते. मार खाऊन ती दोनदा माहेरी आली, दोन्ही वेळा आजोबांनीच तिला परत नेऊन सोडलं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीने घटस्फोट नव्हता, तो १९७६ मध्ये आला. वडिलोपार्जित मालमत्तेत तिच्यासारख्या लग्न होऊन गेलेल्या मुलीला भावाइतका हक्क मिळाला २००५ मध्ये. तोवर आत्या साठीला आली होती. मानसशास्त्रज्ञ कॅरिल रझबल्ट यांनी नात्याला बांधून ठेवणाऱ्या तीन गोष्टी मांडल्या: त्यातलं समाधान, आजवर त्यात घातलेलं सगळं, आणि बाहेर चांगला पर्याय नसणं. आत्याजवळ समाधान नव्हतं आणि जायला जागाही नव्हती. तरी तिच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आम्ही हॉल घेऊन साजरा केला. त्याची मला आजही लाज वाटते.

पण नुसत्या हिशेबानेही भागत नाही. ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हा दीड वर्ष घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललं. दर महिन्याला नफा-तोटा मांडत बसले असते तर मी केव्हाच निघाले असते. सासूबाई रोज संध्याकाळी ह्यांना ओढून तलावपाळीला फिरायला न्यायच्या आणि येताना माझ्यासाठी गजरा आणायच्या. त्या दिवसांत मला त्यांनी धरून ठेवलं. अशी माणसं, अशी रीत मला हवीच आहे. यादी मात्र ज्यांना संसार करायचाय त्यांनीच लिहावी.

परतताना ऐरोली गेल्यावर ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तेव्हा मला कुणी बाहेर बोलावलं असतं ना, तर मी नोकरी सोडणार नाही, एवढं एकच लिहायला लावलं असतं."