झटका कोणाचा, पँट कोणाची

काल संध्याकाळी मी एका कट्टर शाकाहारी गृहस्थांना त्यांच्या पँटच्या रफूचे ऐंशी रुपये दिले. मासे पकडायच्या या नादापायी आजवर जे पैसे गेले, त्यात ही रक्कम किरकोळच. पण टोचतेय तीच. कारण गळ माझा असला तरी हात त्यांचा होता. रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर त्या वेळी हजर असलेल्या कोणालाही विचारा. किंवा नकाच विचारू. सगळे त्यांचे ओळखीचे आहेत.

मी मूळचा बार्शीचा, बदलीवर इथे आलोय. घाटावरच्या माणसाला समुद्र दिसला की दोन गोष्टी सुचतात: फोटो काढणं, आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून उगाच ओरडणं. दोन्ही करून झाल्यावर मला गरवायची, म्हणजे गळाने मासे धरायची, हुक्की आली. काठी घेतली, रीळ घेतलं, तंगूस (म्हणजे गळ बांधायचा नायलॉनचा दोरा) घेतला, वजनाला शिसं घेतलं. राहिला गळ. सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणून शेवटी ठेवली होती.

दुकानदाराने विचारलं, ‘काय मारणार?’

‘मासे.’

त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम आटोपून घेतलं. मग म्हणाला, ‘नंबर?’

आता हा नंबरांचा कारभार ऐका. चपलेचा नंबर वाढला की चप्पल मोठी. गळाचा नंबर वाढला की गळ लहान. दहा नंबरचा चिमटीतून निसटणारा, सहाचा त्याहून मोठा, चारचा आणखी, दोनचा आणखी, एकचा आणखी. बरं, एकावर येऊन माणसाने थांबावं की नाही? तर तिथून एक बाय शून्य, दोन बाय शून्य, तीन बाय शून्य अशी वेगळीच शिडी सुरू होते, आणि ती सरळ चढते. म्हणजे पाचचा गळ आणि पाच बाय शून्यचा गळ शेजारी ठेवले तर एक दुसऱ्याचा नातू शोभेल. शाळेत मी एकदा पाचाला शून्याने भागलं होतं, तर मास्तरांनी वर्गाबाहेर काढलं. इथे तेच पाकिटावर छापून विकतात. त्यात एका कंपनीचा चार आणि दुसरीचा चार एकच असेल असंही नाही. जपानच्या ओकिनावा बेटावर एका गुहेत शंखाचे गळ सापडले आहेत, सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीचे. २३ हजार वर्षं माणूस गळ घडवतोय आणि अजून चार म्हणजे केवढा, यावर एकमत नाही.

दुकानदाराने शेवटी कंटाळून ‘मिक्स घेऊन जा’ म्हणत एक पाकीट पुढे सरकवलं. त्यात लांब दांडीचे होते, आखूड दांडीचे होते, दांडीला खाचा पाडलेले होते (आमिष घसरून खाली येऊ नये म्हणून, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तोवर मी ते खराब माल म्हणून बाजूला ठेवले होते). एक तीन तोंडांचा होता, त्याच्याकडे बघूनच मी पाकीट बंद केलं. आणि काही गोल, टोक दांडीकडे वळवलेले. हे गोल मला आवडले. आत वळलेल्या टोकाने बोटाला इजा करायची शक्यता कमी, हे त्यामागचं शास्त्र.

आमिषाला ताजी कोळंबी लागते. बाजारात मावशींकडे मूठभर मागितली तर त्यांनी ‘घरात माणसं किती?’ असं इतक्या काळजीने विचारलं, की मी निमूटपणे अर्धा किलो घेतली. ती कोळंबी तिखट-मीठ लावून तव्यावर टाकली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

असो. काकांकडे, म्हणजे त्या पँटवाल्या गृहस्थांकडे, वळू.

काका रोज संध्याकाळी जेटीवर फेऱ्या मारतात. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलंय. पांढरे बूट, इस्त्रीची टेरिकॉटची पँट, हातात घडी केलेली छत्री. मी काठी उघडली त्या क्षणी त्यांचं चालणं थांबलं. त्यांची साखर वाढली असेल तर त्याचंही बिल माझ्याच नावावर येणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

‘घाटावरचे का?’

‘हो. कसं ओळखलंत?’

‘उभे राहण्यावरून.’

थोडा वेळ शांतता. मग ते वाकून बघायला लागले.

‘कोणता लावलात?’

‘गोल.’

‘गोल कशाला? सरळ मिळत नाही?’

मी नुकतंच सगळं वाचून आलो होतो. नुकतंच वाचलेलं सांगायला मिळणं, यासारखं सुख नाही. मी काठी कठड्याला टेकवली आणि सुरू झालो. ‘काका, हा वेगळा असतो. मासा आमिष तोंडात घेतो आणि वळतो. वळला की हा गळ घसरत घसरत जबड्याच्या कोपऱ्यात येतो आणि तिथे आपोआप बसतो. मासा गळ गिळत नाही, आतड्यात अडकत नाही, लहान असला तर सोडूनही देता येतो. पॅसिफिकमधल्या बेटांवरचे लोक पूर्वी हाडाचे, शिंपल्याचे असे आत वळलेले गळ करायचे. आता ट्यूनाच्या मोठ्या बोटींवरही हे वापरतात. एकच पथ्य. झटका द्यायचा नाही. झटका दिला की हा तोंडातून सरळ बाहेर येतो. नुसतं सावकाश गुंडाळायचं.’

‘म्हणजे आपोआप अडकतो?’

‘आपोआप.’

‘मग तुम्ही कशाला आलात?’

याला उत्तर नव्हतं. मी विषय बदलला. ‘आपण मासे खाता?’

‘छे छे! अंडंसुद्धा नाही. केकही विचारून खातो.’ काकांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. ‘पण निवृत्त झाल्यापासून रोज बघतोय इथे. खाणाऱ्याचं लक्ष खाण्याकडे असतं हो. माझी नजर स्वच्छ आहे. सांगू का, इथला मासा हुशार. तो आधी बघतो, समोर कोण बसलंय. कोकणातला आहे शेवटी.’

एव्हाना येणारे-जाणारेही थांबायला लागले होते. त्यातला प्रत्येक जण माझ्या रिकाम्या बादलीत डोकावून एकच प्रश्न विचारत होता: ‘पापलेट मिळालं का?’ अहो, पापलेट पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातं, जाळ्यात सापडतं, गळाकडे सहसा फिरकतही नाही. २०२३ साली त्याला महाराष्ट्राचा राज्यमासा केला, पण राज्याला त्याच्याबद्दल एवढंही ठाऊक नाही. जेटीवर मिळालाच तर शिंगाळा मिळतो, नशीब असलं तर एखादी तांबोशी, आणि नशीब नसलं तर केंड. हे मी पहिल्या तिघांना समजावून सांगितलं. चौथ्याला काकांनीच परस्पर सांगून टाकलं, ‘नाही मिळालं. नवीन आहेत.’

बाराव्या शतकात कल्याणीला, म्हणजे आमच्या सोलापूरहून फार लांब नसलेल्या बसवकल्याणला, तिसरा सोमेश्वर नावाचा चालुक्य राजा होऊन गेला. त्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद हा प्रकार आहे. गळाने मासे धरण्याची करमणूक, अगदी कोणत्या माशाला काय खायला घालावं इथपासून. मला या राजाच्या हत्ती-घोड्यांचा हेवा वाटत नाही. पण तो काठावर गळ घेऊन बसला असताना मागे उभं राहून ‘महाराज, नंबर चुकलाय’ असं म्हणायची कोणाची छाती झाली असेल? करमणूक होती ती यामुळे.

आणि तेवढ्यात काठीचं टोक हललं.

आधी नुसतं टिकटिक. मग जरा थांबून पुन्हा टिकटिक. मग टोक हळूच पाण्याकडे झुकलं, झुकलेलंच राहिलं, आणि तंगूस शिसाच्या जागेवरून डावीकडे तिरका सरकायला लागला. मासा वळला होता. पुस्तकात लिहिलंय तसाच वळला होता. मी श्वास धरून रीळ फिरवायला घेतलं, सावकाश, लोण्याचा गोळा उचलावा इतक्या सावकाश.

‘झटका!’ काका कानात ओरडले. ‘अहो झटका द्या, झटका!’

‘काका, द्यायचा नसतो…’

‘जाईल तो! झटका द्या! बघत काय बसलात?’

मागून आणखी दोघं-तिघं ‘झटका, झटका’ करायला लागले. चणेवाला चण्याची पुडी बांधता बांधता ‘झटका’ म्हणाला. मी आयुष्यात इतका एकमुखी ठराव पाहिलेला नाही. मी तरीही सावकाश गुंडाळतच राहिलो, हे नोंदवून ठेवा. काकांना ते बघवेना. त्यांनी छत्री काखेत मारली, माझ्या खांद्यावरून दोन्ही हात पुढे घातले, काठी धरली आणि बैल उधळावा तशी मागे ओढली.

पाण्यातून गळ वर आला. गोल, चकचकीत. त्याला कोळंबीचं अर्धं शेपूट.

सगळे गप्प झाले. काकांनी तो गळ डोळ्यांजवळ नेला, उलटसुलट करून बघितला आणि निकाल दिला, ‘गळच चुकीचा.’

मग गळ बदलायचं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं. पाकिटातून त्यांनी एक बाय शून्यचा, लांब दांडीचा, सरळ टोकाचा गळ निवडला. ‘हा बघा, गळासारखा गळ.’ लांब दांडी दातवाल्या माशांना बरी, दात तंगुसापर्यंत पोचत नाहीत, एवढं त्याच्या बाजूने बोलता येईल. मी तंगूस गळाच्या नाकातून ओवला, पाच-सहा वेढे दिले, टोक मागे फिरवून घेतलं आणि आवळण्याआधी गाठ तोंडात धरून ओली केली. कोरडी आवळली तर घासून नायलॉन कमजोर होतो.

‘शी! थुंकी?’ काका दोन पावलं मागे सरले.

ते मागेच राहिले असते तर बरं झालं असतं.

या खेपेला टोक नुसतं कुरतडल्यासारखं थरथरत होतं. केंड असणार. त्याचे दात चोचीसारखे, आमिष कातरून नेतो आणि कधी कधी गळाच्या वरचा तंगूसही. मी म्हणेपर्यंत ‘आला!’ अशी आरोळी झाली, काठी माझ्या हातातून गेली आणि सूंऽऽ आवाज आला. शिसं, तंगूस, गळ असं सगळं लटांबर कठड्यावरून उडत आलं. काकांनी ते येताना पाहिलं आणि प्रसंगावधान राखून पाठ फिरवली.

काही क्षण ते स्तब्ध उभे होते. मग अत्यंत हळू आवाजात म्हणाले, ‘अहो, मला मागून कोणीतरी धरलंय.’

कातडी वाचली होती. नेम फक्त टेरिकॉटवर बसला होता, पण अशा जागी की तिथे वाकून बघायला चारचौघांत धीर लागतो. गळाच्या टोकामागे तो जो बारीक उलटा दात असतो ना, तो आत गेला की मागे येत नाही. त्यासाठीच तो असतो. पोरं खिदळत होती. चणेवाल्याने मोबाइलचा टॉर्च धरला.

‘एक उपाय आहे,’ मी म्हणालो. ‘गळाच्या वाकात दोऱ्याचा फास अडकवायचा, दांडी खाली दाबून धरायची, आणि…’

‘आणि?’

‘एक झटका द्यायचा.’

‘नको!’ काका किंचाळले. ‘झटका नको! अजिबात झटका नको!’

तो उपाय कातडीत रुतलेल्या गळासाठी आहे, कापडासाठी नाही, हे मला माहीत होतं. तरी मी तो दोनदा सुचवला. शेवटी कोणाच्या तरी नेलकटरने तंगूस तोडला आणि काका एक हात मागे धरून, गळासकट, घरी गेले.

पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. चहाच्या टपरीवर मला ‘काय साहेब, पँट मारलीत म्हणे?’ असं विचारलं गेलं. ऑफिसातल्या शिपायापर्यंत बातमी होती, आणि त्यात झटका माझा होता. मग काल काका रफूवाल्याच्या सहीची चिठ्ठी घेऊन आले. मी म्हटलं, ‘काका, काठी कोणाच्या हातात होती?’ ते म्हणाले, ‘ते खरं. पण गळ तुमचा.’ यावर कुठलं कोर्ट मला न्याय देईल? सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही. घर बांधताना, गाडी मागे घेताना, मुलाला शाळेत घालताना, मागे कोणीतरी उभा असतोच. फसलं की तो म्हणणार, मी सांगत होतो. आणि ज्याबद्दल खरंच ओरडायला पाहिजे तिथे हे सगळे मुके. त्याच कठड्याला तुटक्या तंगुसाच्या गुंतवळी लोंबतायत, गंजके गळ तसेच टाकून लोक निघून जातात. परवा एक कुत्रं मागचा पाय ओढत चाललं होतं, पायाला तंगूस करकचून बसलेला. चौघांनी धरून तो सोडवला. झटक्याचा ठराव पास करणाऱ्यांपैकी त्यात एकही नव्हता.

ऐंशी रुपये मोजून घेतल्यावर काका गेले नाहीत. मी पक्कड घेऊन गळांचे उलटे दात दाबून सपाट करत बसलो होतो.

‘काय करताय?’

‘दात मोडतोय.’

‘मग मासा राहील कसा?’

‘तंगूस ताणून धरला की राहतो. सुटला तर सुटला. पँट तरी सुटते.’

काका शेजारी बसले. जपून, एका कुशीवर. म्हणाले, ‘त्या दुकानदाराला मी ओळखतो. पुढच्या वेळी मी येतो बरोबर, चार पैसे कमी करील. कितीचा आणायचाय?’

‘चारचा,’ मी म्हणालो.

‘मोठा चार की लहान चार?’

मला भयंकर राग आला. कारण प्रश्न बरोबर होता.