अ‍ॅलॉय डिस्कनं मायलेज वाढतंय म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गाडीवाल्यांच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, की ट्रकच्या लोखंडी डिस्क (टायर बसतो ती चाकाची रिम) काढा, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमच्या अ‍ॅलॉय घेऊन टाका, लिटरमागं एक किलोमीटर मायलेज वाढतंय, घाटात ब्रेक तापत नाहीत, होल जुळले की कुठलीपण डिस्क बसते आणि वर्षात पैसे वसूल. उसाचा सीझन तोंडावर आलाय, पोरं कर्ज काढून सेट बुक करायला लागलीत, म्हणून लिहितोय.

मायलेजचं आधी बघू. दहा टायरी गाडी लोडमध्ये लिटरला चार किलोमीटर देत असेल तर एक किलोमीटर वाढ म्हणजे पंचवीस टक्के झाले. आता वजन बघा, 22.5 इंची लोखंडी डिस्क साधारण 40 किलो, चांगली फोर्ज्ड (दाबून घडवलेली) अ‍ॅलॉय 25 च्या आसपास, म्हणजे दहा चाकांचे मिळून दीडशे किलो वाचले आणि गाडीचं पासिंग (मालासकट मंजूर वजन) आहे 28.5 टन. अर्धा टक्का वजन कमी करून पंचवीस टक्के डिझेल कसं वाचंल, सांगा की! होतंय काय, लोक जुने 10.00-20 चे ट्यूबवाले टायर काढून अ‍ॅलॉयसोबत ट्यूबलेस रेडियल टायर टाकतात, फरक पडतो रेडियलचा आणि नाव होतं डिस्कचं. तेच टायर ट्यूबलेस लोखंडी डिस्कवरपण बसतात. हां, दुधाचा नाहीतर डिझेलचा टँकर असेल, रोज पासिंगच्या वजनापर्यंत काट्याला काटा भरून जाणारा, तर दीडशे किलो माल जास्त जातो, त्याचा हिशेब वेगळा.

ब्रेकचं म्हणाल तर अ‍ॅल्युमिनियम उष्णता लवकर सोडतं हे खरं आहे, पण गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरताना खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक वापरला नाही तर ड्रम तापणारच, डिस्क कुठलीपण असू दे.

पण "होल जुळले की बसते" हे वाचून खरंच राग आला, कारण यात माणूस मरतो. होल दहाच असले तरी पीसीडी (बोल्टच्या होलांच्या वर्तुळाचा व्यास), मधला बोअर (मधलं मोठं भोक), ऑफसेट (हबला टेकणारी बाजू डिस्कच्या मध्यापासून किती आत-बाहेर ते) तिन्ही जुळायला लागतं. ऑफसेट चुकला की मागच्या जोड टायरमधली फट कमी होते, रिकाम्या गाडीत कळत नाही, लोड पडला की दोन्ही टायर फुगून एकमेकाला घासतात, तापतात आणि फुटतात. त्यात अ‍ॅलॉय डिस्क जाड, मागं तर दोन एकावर एक, मग जुना बोल्ट पुरत नाही आणि नट चार आट्यांवर धरून राहतो. मागच्या सीझनला एका दुकानदारानं आमच्या गाडीला असाच सेट बसवून दिला, बोल्ट जुने, कोनवाले नटपण जुनेच. तिसऱ्या खेपेला आंबा घाटाच्या अलीकडं ड्रायव्हरला आवाज आला म्हणून थांबला, बघतोय तर दोन नट गायब आणि तिसरा हातानं फिरतोय. नवीन डिस्क बसवली की शंभरएक किलोमीटरवर नट परत टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) तपासायचे असतात, तेपण कुणी सांगितलं नव्हतं.

स्वस्तातले सेट बहुतेक कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेले असतात. शिरोलीत नाहीतर गोकुळ शिरगावात फौंड्रीत काम केलेल्याला ब्लो होल (ओतताना आत राहिलेली पोकळी) काय ते सांगायला नको, वरनं पॉलिश मारली की आतलं काही दिसत नाही. हेवी गाडीला फोर्ज्डच पाहिजे, डिस्कवर मेकर, साइज, लोड ठोकलेलं पाहिजे आणि तडा गेलेली डिस्क वेल्डिंग मारून चालवायची नाही. साइज वाढवायच्या भानगडीत तर पडूच नका, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, मूळ स्पेसिफिकेशन बदलता येत नाही.

मी यंदा 22.5 च्या लोखंडी ट्यूबलेस डिस्क आणि रेडियल टाकले, उरलेल्या पैशात टॉर्क रेंच घेतला. कुणी सेट बुक करणारच असंल तर आधी गाडीचा पीसीडी, बोअर आणि ऑफसेट लिहून पाठवा, बघून सांगतो.