थोरचा हातोडा ३०० अब्ज हत्तींएवढा नाही, १९ किलोचा आहे

ताईने काल फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड टाकला आणि आठवीतल्या भाच्याने लगेच सायन्सच्या वहीत उतरवूनही घेतला, म्हणून लिहितोय. मेसेज असा: मार्व्हल कॉमिक्समधल्या थोर नावाच्या हिरोचा हातोडा मरणाऱ्या ताऱ्यापासून बनलाय, वजन ३०० अब्ज हत्तींएवढं, म्हणून तो कुणालाच उचलवत नाही; मार्व्हलचे हिरो जे १०० टन उचलतात ते म्हणजे १ लाख किलो; आणि हल्क या दुसऱ्या हिरोने १५० कोटी टनांचा डोंगर पेलला. वर "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय".

काही सिद्ध केलेलं नाही. नील डिग्रास टायसन या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने २०१३ मध्ये हत्तींचं ट्विट केलं होतं खरं, पण त्यात 'जर' होतं, हातोडा जर न्यूट्रॉन ताऱ्याच्या, म्हणजे मेलेल्या ताऱ्याच्या दाबून घट्ट झालेल्या गाभ्याच्या, पदार्थाचा असेल तर. तेवढ्यापुरता हिशोब बरोबर आहे, मान्य, तो पदार्थ चमचाभर घेतला तरी अब्जावधी टन भरतो. पण कॉमिक्समधला हातोडा उरू नावाच्या धातूचा आहे, तारा होता तो भट्टी म्हणून! लोहाराच्या भट्टीतून निघालेला कोयता काय निखाऱ्याचा असतो का? आणि वजन खुद्द मार्व्हलच्या १९९१ च्या ट्रेडिंग कार्डवर छापलंय, ४२.३ पाउंड. हे मी ग्रुपवर टाकलं तर लगेच उत्तर, "म्हणजे ४२ किलो ना". नाही हो, पाउंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम, म्हणजे हातोडा १९.२ किलो, ऑफिसात २० लिटरचा पाण्याचा जार येतो ना, जवळपास तेवढा.

सगळ्यात वाईट ते "जड आहे म्हणून उचलवत नाही". थोरचा बाप ओडिन, त्याने त्यावर मंत्र घातलाय, जो पात्र असेल त्यालाच तो उचलता येतो, गोष्टीचा सगळा जीव त्यात आहे. खरंच ३०० अब्ज हत्तींएवढा असता तर ठेवल्या जागी जमीन फोडून खाली गेला असता, टेबलावर राहिलाच नसता. पोरगं वजन म्हणजे काय तेच चुकीचं शिकतंय.

बाकीचं पटकन. मार्व्हल अमेरिकेची, आणि अमेरिकन टन २००० पाउंडांचा, म्हणजे ९०७ किलो, त्यामुळे १०० टन म्हणजे ९०,७०० किलो. आणि हल्कचा तो १९८४ चा अंक, कव्हरवरच १५० बिलियन टन लिहिलंय, बिलियन म्हणजे अब्ज, कोटी नाही, बिचाऱ्याचा डोंगर शंभरपट हलका केलात.

ताई, तो मेसेज प्लीज डिलीट कर, आणि भाच्याला वहीत हातोड्याचं वजन ४२.३ पाउंड असं लिहायला सांग.