वाळूच्या वरचे दोन इंच मॅग्नेटचे नाहीत

फिशटँकच्या काचेवर चरे दिसले की सगळा दोष मॅग्नेट क्लीनरवर जातो. म्हणजे चुंबकाचे दोन तुकडे, घासायचा पॅड लावलेला एक काचेच्या आत आणि दुसरा बाहेर; बाहेरचा फिरवला की आतला त्याच्याबरोबर फिरून शेवाळ काढतो. ‘मॅग्नेट घेऊच नका, काच खराब होते’ हा सल्ला नव्याने टाकी लावणाऱ्यांना सर्रास मिळतो, आणि मग तीच माणसं भांड्यांची हिरवी घासणी टाकीत घालतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी काचेला चरा पडतो कसा ते बघा. साध्या काचेचा कठीणपणा मोह्सच्या मापावर ५.५ च्या आसपास असतो. दुकानात मिळणारी पांढरी, फिकट वाळू बहुतेक क्वार्ट्झची असते, तिचा ७, म्हणजे काचेपेक्षा जास्त. असा एकच कण पॅडखाली अडकला तरी मॅग्नेट त्याला काचेवर दाबून धरतो आणि तुम्ही हात फिरवाल तितकी लांब रेघ उमटते. मॅग्नेटचा स्वतःचा पॅड काचेपेक्षा कितीतरी मऊ असतो, त्याने काच कापली जात नाही. हिरव्या घासणीत मात्र घासण्यासाठीच कठीण कण चिकटवलेले असतात. ती टाकीपासून लांबच ठेवा.

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट आहे, ती परदेशी व्हिडिओंमध्ये सहसा ऐकायला मिळत नाही. दख्खनच्या काळ्या कातळात मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं, त्यामुळे आपल्या नद्यांच्या वाळूतही त्याचे काळे कण येतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत तर इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट भरपूर. हे कण मॅग्नेटकडे स्वतःहून ओढले जातात, म्हणजे मॅग्नेट वाळूला टेकायचीही गरज नाही. टाकीत घालायची वाळू आधी कोरडी करून वर्तमानपत्रावर पसरा, मॅग्नेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्यावरून फिरवा आणि पिशवीला काय चिकटतं ते बघा. काळी मिशी उगवल्यासारखे कण चिकटले तर एकतर तीन-चार वेळा असेच वेचून काढा, नाहीतर त्या टाकीत मॅग्नेट वापरू नका. पिशवी विसरू नका, मॅग्नेटला थेट चिकटलेले कण काढता काढता जीव जातो.

आता खरेदी. टाकी किती फुटांची यावर मॅग्नेट घेऊ नका, काच किती एमएमची ते बघून घ्या. वरच्या कडेला पट्टी लावून मोजा. साधारणपणे दोन फुटी टाकीला ५-६ एमएम, तीन फुटीला ८, चार फुटीला १० ते १२ एमएम काच असते, पण बनवणाऱ्यागणिक फरक पडतो. अंतर वाढलं की चुंबकाची ओढ फार झपाट्याने घटते. ६ एमएमसाठीचा मॅग्नेट १२ एमएमच्या काचेवर लावला तर आतला तुकडा वळणावर सुटतो आणि थेट वाळूत पडतो. उलट जाड काचेचा निओडिमियम, म्हणजे फार ताकदीचा मॅग्नेट पातळ काचेवर घेतला तर तो सरकता सरकत नाही, झटक्याने बसतो, बोट मध्ये आलं तर चांगलंच चेमटतं. दोन तुकडे एकमेकांपासून लांब ठेवूनच हाताळा, लहान मुलांच्या हाती देऊ नका, आणि घरात कुणाला पेसमेकर असेल तर हा प्रकारच नको. आतला तुकडा सुटल्यावर वर तरंगणारा घेतलात तर सर्वांत उत्तम. मॅग-फ्लोट हे त्याचं जुनं उदाहरण. चार पैसे जास्त गेले तरी तरंगणाराच घ्या, कारण बुडणारा मॅग्नेट आज ना उद्या वाळूत जातोच.

लावताना आतला तुकडा हाताने काचेवर धरा आणि बाहेरचा आधी एका कडेने टेकवून हळू सपाट करा. समोरासमोर धरून सोडायचा नाही. त्याआधी बाहेरची काच ओल्या कापडाने पुसा, कारण बाहेरची धूळही चरे पाडते. काचेवर फवारायचं क्लीनर टाकीच्या आसपास मारू नका. त्यात बहुधा अमोनिया असतो आणि तुषार पाण्यात पडतात. अगदीच हवं असेल तर दुसऱ्या खोलीत कापडावर मारून आणा.

फिरवायचं वरून खाली, सावकाश, एक फूट जायला चार-पाच सेकंद लागले पाहिजेत. वाळूच्या वर दोन इंच उरले की थांबा आणि परत वर या. हे दोन इंच मॅग्नेटचे नाहीत. मासे वाळू उकरतात, कॉरिडोरास तर दिवसभर तेच करतात, आणि उडालेले कण याच पट्ट्यात काचेला टेकून असतात. तिथे जुनं प्लास्टिकचं कार्ड वापरा. त्याच्या कडेखाली कण दाबला जात नाही, बाजूला ढकलला जातो. कोपऱ्यातून वळवून दुसऱ्या काचेवर नेण्याचा मोहही टाळा. तिथे काचा जोडणारा सिलिकॉन असतो. ब्लेडवाला मॅग्नेट असेल तर सिलिकॉनपासून बोटभर अंतर ठेवाच, तो एकदा कापला गेला की गळती सुरू व्हायला वेळ लागत नाही.

आतला तुकडा वाळूत पडला तर बाहेरच्या तुकड्याने त्याला ओढून घेऊ नका. बहुतेक चरे इथेच पडतात. पडलेला तुकडा पॅडभर वाळू घेऊन काचेवर आदळतो. हात घाला, बाहेर काढा, नळाखाली धुवा, अंगठा फिरवून बघा. खरखर लागली तर पुन्हा धुवा.

काम झालं की मॅग्नेट टाकीत ठेवायचा नाही. जागेवर सोडला की पॅडखाली बारीक गोगलगायी शिरतात, पॅडमध्ये शेवाळ वाढतं, आणि पुढच्या वेळी तेच दाबून फिरवलं जातं. काढा, साध्या पाण्यात पिळा, वाळवा. दोन टाक्यांना एकच मॅग्नेट असेल तर मध्ये तो पूर्ण कोरडा झालाच पाहिजे, नाहीतर एका टाकीचा रोग दुसरीत जातो.

शेवाळाचा प्रकार ओळखला नाही तर मॅग्नेटवर उगाच जोर लावला जातो. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत येणारा तपकिरी थर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो, एका फेरीत निघतो. हिरव्या धुळीसारखा थरही निघतो, फक्त दोन-तीन दिवसांत परत येतो. काचेला घट्ट चिकटलेले हिरवे गोल ठिपके मात्र पॅडने जात नाहीत. तिथे धारदार ब्लेड हवं, काचेशी साधारण ३० ते ४५ अंशांत धरलेलं, आणि गंजाचा ठिपका दिसला की बदललेलं. समुद्री टाकीत जांभळट कोरलाइन शेवाळ चुन्यासारखं जमतं, त्यालाही ब्लेडच. पाण्याच्या रेषेवरचा पांढरा थर तर शेवाळच नाही, तो बोअरच्या जड पाण्याचा क्षार आहे. पाणी थोडं खाली घ्या, व्हिनेगरमध्ये भिजवलेलं कापड दहा मिनिटं लावून ठेवा, मग पुसा.

दर दोन-तीन दिवसांनी एक हलकी फेरी, आणि आठवड्याला २५-३० टक्के पाणी बदलताना सायफनच्या (नळीने तळाची घाण आणि पाणी ओढून काढण्याच्या) आधी एक नीट फेरी, एवढं पुरतं. आधी काच, मग सायफन, म्हणजे सुटलेलं शेवाळ बाहेर जातं. तरीही चार दिवसांत काच हिरवी होत असेल तर दिवा सहा-सात तासांवर आणा, खिडकीचं ऊन अडवा आणि खाणं कमी करा.

दुकानदार यावर ‘सकर फिश टाका, काच साफ ठेवेल’ म्हणतो. कृपा करून ते ऐकू नका. तो मासा फूटभर आणि त्याहून मोठा होतो, दोन फुटी टाकीत त्याचे हाल होतात, आणि नको झाला की लोक तो तळ्यात सोडतात. आपल्या देशातल्या तळ्या-नद्यांत तो असाच पसरला आहे आणि स्थानिक माशांच्या मुळावर उठला आहे. एका मॅग्नेटने जे काम होतं त्यासाठी एक जीव आणू नका.

अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या टाकीला काचेचा पॅड चालत नाही. अ‍ॅक्रिलिक काचेपेक्षा खूपच मऊ, त्यावर ‘अ‍ॅक्रिलिकसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलाच मॅग्नेट वापरा. आणि कुठल्याही मॅग्नेटचं प्लास्टिक फुगलं, भेग गेली किंवा कडेला तपकिरी डाग आला तर त्याच दिवशी टाकून द्या. आतला निओडिमियम पाणी लागताच गंजतो, त्यावरच्या मुलाम्यातले धातू पाण्यात उतरतात, आणि टाकीत श्रिम्प असतील तर सर्वांत आधी त्यांना त्रास होतो.