लाकडाला तेल पाजू नका

पावसाळा लागला की आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या घरगुती ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्यात लिहिलेलं असतं: लाकूड जिवंत असतं, त्याला दर महिन्याला गोडेतेल किंवा खोबरेल पाजा. तडा गेला म्हणजे लाकूड तहानलंय. सागाला वाळवी लागत नाही, बाकीच्या लाकडात रॉकेल ओता. काठवट-पोळपाट रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजत ठेवा. दिवाळीला सगळं पॉलिशपेपरनं घासून नव्यासारखं करा. खाली ‘आजीबाईंचे उपाय’ असंही असतं. हे ऐकून जुनी चांगली लाकडं खराब होताना मी पाहिली आहेत, म्हणून लिहिते.

तेलापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त नुकसान त्यानंच होतं. कापलेलं झाड तेल पीत नाही. लाकूड हवेतला दमटपणा घेतं आणि सोडतं, शंभर वर्षं झाली तरी घेतं आणि सोडतं. पण त्याला आहार लागत नाही. वरून तेल लावायचं ते नुसत्या संरक्षणासाठी, आणि त्यासाठी तेल वाळणारं हवं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, त्याचा पातळ थर बनतो. गोडेतेल असं वाळत नाही, खोबरेल तर मुळीच नाही. ते चिकट राहतं, धूळ धरतं, गोडेतेल पुढं खवट होतं. आमच्या शिसवी देव्हाऱ्याला वर्षानुवर्षं गोडेतेल लागलं. समईची काजळी त्यावर बसत गेली आणि कमानीवरची वेलबुट्टी बुजून गेली. ती मोकळी करायला टर्पेंटाइन, कापूस आणि दाताचा जुना ब्रश घेऊन मी चार रविवार बसले.

आपल्याकडं कन्नडमध्ये जिला अगसी म्हणतात, तेच हे जवस. चटणीसाठी घरात असतंच. रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात तेही जवसाचंच, लवकर वाळावं म्हणून तयार केलेलं. ते उघड्या लाकडावर फडक्यानं पातळ लावायचं, अर्ध्या तासानं उरलेलं सगळं पुसून घ्यायचं आणि मग काही वर्षं हात लावायचा नाही. लाखेचं किंवा दुसरं पॉलिश असेल तर तेल आत जातच नाही, तिथं कोरडं मऊ फडकं पुरे. गोकाकच्या रंगीत लाकडी फळांना आणि खेळण्यांनाही तेल चोळू नका. एक गोष्ट मात्र नक्की पाळा: जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. ती बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

आता तड्यांचं. आपल्या एकाच बेळगाव जिल्ह्यात कणकुंबीचा पाऊस हजारो मिलिमीटरांत मोजतात आणि अथणीचा शेकड्यांत. कणकुंबीकडच्याच जांबोटीच्या दमट घरात वाढलेलं कपाट अथणीला नेलं की ते सुकतं, आणि सुकताना आडवं आकसतं. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही. रुंदीत मात्र ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत साग साधारण ५-६ टक्के कमी होऊ शकतो, आणि साग तर कमी हलणाऱ्या लाकडांत मोडतो. फळी चारी बाजूंनी खिळ्यांनी जखडली असेल तर तिला आकसायला जागा नसते, ती फाटते. तेलानं हा तडा भरत नाही. ओलसर कपाट एकदम उन्हात ठेवलं तर आणखी फाटतं, कारण बाहेरचा थर आतल्यापेक्षा आधी सुकतो.

सागाला वाळवी लागत नाही, हे अर्धंच खरं आहे. सागाचा गाभा टिकाऊ असतो, सालीलगतचं फिकट लाकूड नाही. स्वस्तात घेतलेल्या फळीला ही फिकट पट्टी असेल तर वाळवी आणि भुंगा दोन्ही तिथून सुरुवात करतात. रॉकेल उडून जातं, पुढचा किडा थांबवत नाही आणि घरात आगीची भीती वाढवतं. वाळवी बहुधा जमिनीतून, भिंतीला मातीचे बोगदे करत येते. म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, पायांखाली दगडाचे तुकडे द्या, ओल कुठून येते ते शोधा. भोकाखाली रोज ताजं पीठ पडत असेल तर तो भुंगा आहे. त्यासाठी उघड्या लाकडात बोरॅक्स-बोरिक अॅसिडचं पाणी मुरवतात. स्वयंपाकाच्या लाकडाला मात्र ते कधीच लावू नये.

काठवट भिजवू नका. धुवा, पुसा, सावलीत उभी ठेवा. भिजवून सुकवलेली काठवट फुगते, आकसते आणि शेवटी मधोमध उकलते. तिला खोबरेलाचा हात दिला तर फारसं बिघडत नाही, एवढं मी मान्य करते.

आणि दरवर्षी घासणं. फणसाचं लाकूड नवीन असताना पिवळं असतं, वर्षांनी गडद तांबूस होतं. शिसव उन्हात फिकटतं. हा रंग वरच्या पातळ थरातच असतो. पॉलिशपेपर तोच थर काढतो, आणि परत यायला पुन्हा तितकीच वर्षं लागतात. मळ काढायला पिळलेलं ओलं फडकं आणि लगेच कोरडं फडकं पुरतं.

माझ्या मावशीचं कपाट जांबोटीहून अथणीला गेलं आणि पहिल्याच उन्हाळ्यात बाजूच्या फळीला तडा गेला. तिनं तेल लावलं, तडा वाढला. शेवटी एका जुन्या सुतारानं खिळे काढले, चौकटीत खाच पाडली आणि फळी तिच्यात मोकळी बसवली, दोन्हीकडं थोडी जागा सोडून. तडा अजून आहे, पण गेल्या तीन उन्हाळ्यांत वाढला नाही.